आकडा जुळेनासा झाला तर

नाशिक,
रविवार, सकाळ

चिरंजीव बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू पुण्याहून फोन केलास आणि म्हणालास, "आई, नीटची परीक्षा आता पुरे झाली, लॅबच्या कोर्सचा फॉर्म भरून टाकतो, तेवढेच उरले आहे." मी गप्प राहिले, तेव्हा तुला वाटले असेल की गुणांमुळे मला वाईट वाटले. तसे काही नाही. दोन वर्षे तू किती अभ्यास केलास, ते मी पाहिले आहे. मला लागले ते "तेवढेच उरले आहे" हे शब्द, कारण ज्या टेबलाशी माझी उभी हयात गेली त्या टेबलाबद्दल ते होते. फोनवर बोलले असते तर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे.

मी १९९६ साली डीएमएलटी, म्हणजे प्रयोगशाळेच्या कामाचा डिप्लोमा, करून येथल्याच एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागले. तेव्हा आजच्यासारख्या रंगीत टोपणांच्या तयार नळ्या आमच्याकडे नव्हत्या. काचेचे बल्ब आम्हीच धुऊन वाळवायचो आणि ज्यात रक्त गोठू द्यायचे नाही त्यात ईडीटीए घालून ठेवायचो. नोकरीला सहा महिने झाले असतील, तेव्हा दिंडोरी तालुक्यातल्या एक आजी दाखल झाल्या. त्यांची शीर काही केल्या सापडेना. दोनदा सुई टोचून ईडीटीएचा बल्ब कसाबसा भरला, साध्या बल्बात मात्र चार थेंब आले. तिसऱ्यांदा टोचायचे माझ्या जिवावर आले, म्हणून खाली येऊन मी ईडीटीएच्या बल्बातले थोडे रक्त साध्या बल्बात ओतले आणि कोणाला काही बोलले नाही.

फ्लेम फोटोमीटर या मोजणीच्या यंत्रावर आजींचे पोटॅशियम नऊच्या वर आले. निरोगी माणसात ते साधारण साडेतीन ते पाचच्या दरम्यान असते आणि नऊच्या वर गेले तर हृदय कोणत्याही क्षणी थांबू शकते. मी आकडा लिहून वर पाठवला. वॉर्डात धावपळ उडाली, ईसीजी काढला गेला, इंजेक्शन भरून तयार झाले. आणि आजी मात्र पलंगावर बसून सुनेशी बोलत होत्या. आमच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी रजिस्टर ओढून घेतले. पोटॅशियमखाली कॅल्शियमचा आकडा होता, तो नेहमीच्या अर्ध्याहूनही कमी. त्यांनी एवढेच विचारले, "ईडीटीएतले ओतलेस का?"

ईडीटीए रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणूनच रक्त गोठत नाही. आणि आम्ही वापरत होतो तो ईडीटीएचा पोटॅशियम क्षार होता. म्हणजे मी आजींचे पोटॅशियम मोजलेच नव्हते, बल्बातले मोजले होते. बाईंनी वॉर्डात फोन करून इंजेक्शन थांबवले आणि मला वर पाठवले, डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने खरे सांगायला आणि आजींकडे पुन्हा रक्त मागायला. आजींनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "घे बाई, पण आता नीट घे." त्या दिवशी मी जे केले ते आळसाने केले नव्हते, दयेपोटी केले होते, आणि त्या दयेने आजींचा जीव जाऊ शकला असता. हे मी आजवर तुझ्या बाबांखेरीज कोणाला सांगितलेले नाही.

तू म्हणशील की आता सगळे यंत्रच करते. यंत्र पुष्कळ करते, हे खरे आहे. पण पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की दारात उभा राहणारा प्रत्येक नातेवाईक आधी "प्लेटलेट्स किती?" हेच विचारतो, आणि यंत्र सांगते वीस हजार, म्हणजे धोक्याइतक्या कमी. काही माणसांच्या रक्तात ईडीटीएमुळेच प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात, आणि यंत्र त्या पुंजक्यांना प्लेटलेट्स म्हणून मोजत नाही. तेव्हा काच घेऊन स्मिअर, म्हणजे रक्ताचा पातळ थर, ओढायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कडा तपासायच्या. पुंजके दिसले तर ईडीटीएऐवजी सायट्रेटच्या बल्बात पुन्हा रक्त घ्यायचे, त्यात सायट्रेटचे द्रावण मिसळलेले असते म्हणून आलेल्या संख्येला १.१ ने गुणायचे, आणि मग खरा आकडा लिहायचा. एवढे करायला पाऊण तास जातो आणि बाहेर दहा माणसे ताटकळत असतात. तो पाऊण तास कोणी बघत नाही, त्याचे कोणी कौतुकही करत नाही.

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले, जे वरवर ओ गटासारखे दिसे, पण ओ गटाच्या कोणत्याच रक्ताशी जुळेना. चाचणी चुकली असेल म्हणून त्यांनी ते सोडून दिले नाही. त्या रक्तपेशींवर एच हा मूळ घटकच नव्हता आणि रक्तद्रवात त्याच्या विरोधातली प्रतिपिंडे होती. आज जगभर त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. अशा माणसाला ओ गटाचे रक्त दिले तर ते प्राणघातक ठरू शकते, म्हणून क्रॉसमॅच, म्हणजे देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे रक्त, जुळत नाही असे दिसले की माझा हात आजही थांबतो. बाळा, आमच्या कामात आकडा जुळेनासा झाला की खरे काम तिथून सुरू होते. तुला असा आकडा दिसला तर झोप लागेल का, एवढेच मला तुझ्याकडून ऐकायचे आहे. झोप लागणार असेल, तर दुसरे काहीही शीक, मला आनंदच होईल.

आपल्या जिल्ह्यात तर हे काम फार जवळचे आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या भागांतल्या आदिवासी कुटुंबांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. केंद्र सरकारने २०२३ साली त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू केले आहे. पहिली चाचणी अगदी साधी असते. द्रावणात रक्ताचा थेंब मिसळायचा आणि नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या नाहीत तर सिकल हिमोग्लोबिन आहे असे समजायचे. पण जिचे रक्त तपासले ती मुलगी नुसती वाहक आहे की आजारी, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी करावी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर गर्भातले हिमोग्लोबिन इतके असते की ही पहिली चाचणी फसवते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणजे अहवालावरच्या "वाहक" या एका शब्दावर एखाद्या घरातली सोयरीक, मूल, सगळेच अवलंबून असते.

आता फॉर्मबद्दल. गल्लोगल्ली डिप्लोमाच्या पाट्या लागलेल्या दिसतात, त्यांना भुलू नकोस. आपले आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच, म्हसरूळला दिंडोरी रस्त्यावर आहे. कोणत्या महाविद्यालयाला मान्यता आहे ते तिथे विचार आणि पदवीच घे. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात आपला व्यवसाय आहे, त्यामुळे पुढे शिक्षणाची आणि नोंदणीची विचारणा होईलच. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यावरून अनेकांची निराशा होते. अहवालावर सही पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांची लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले आहे. स्वतःची लॅब टाकून स्वतःच सही करण्याचे स्वप्न बाळगून या शिक्षणाला येऊ नकोस. सुरुवातीचा पगार कमी असतो, रात्रपाळी असते. काका लग्नकार्यात "डॉक्टर नाही झाला का?" असे विचारतील, तेव्हा तुला वाईट वाटेल, आणि मला तुझ्याहून जास्त वाटेल.

फॉर्मची मुदत अजून आहे. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने ये. आमच्या सरांना मी विचारून ठेवले आहे. शनिवारी सकाळी सात वाजता माझ्याबरोबर कलेक्शनला ये आणि दुपारपर्यंत फक्त बघ, कशाला हात लावू नकोस. तुझ्या लसीकरणाच्या कार्डात हिपॅटायटिस बीची नोंद मला सापडली नाही, म्हणून त्याच दिवशी पहिला डोस घेऊन टाकू. दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. फॉर्म भरायचा की नाही, ते मग रात्री जेवताना तू सांग.

येताना मावशीकडून माझा निळा स्वेटर आण, पहाटे गार असते.

तुझी,
आई