सोन्याचा वर्ख शक्तिवर्धक नव्हे

सोन्याचा वर्ख लावलेल्या दिवाळीच्या मिठाईविषयीची आपल्या अंकातील बातमी वाचली. हा वर्ख शक्तिवर्धक असतो, हे त्यातले विधान मात्र पटले नाही. धातुरूपातील सोने पोटातल्या आम्लात विरघळत नाही. जसे खाल्ले तसेच बाहेर पडते. त्याला चवही नाही. युरोपात ते ‘ई १७५’ या क्रमांकाने खाद्यरंगांच्या यादीत आहे, पोषकद्रव्यांच्या नव्हे. संधिवातावर दिले जाणारे ऑरानोफिन हे सोन्याचे संयुग आहे. ते घेणाऱ्या रुग्णाचे रक्त व लघवी वारंवार तपासावी लागते. म्हणजे औषधातले सोने वेगळे आणि काजूकतलीवरचे वेगळे. सोन्याचा आरोग्याला खरा उपयोग पाहायचा तर गर्भधारणा तपासणीच्या पट्टीकडे पाहावे. अनेक किटमध्ये उमटणारी ती गुलाबी रेघ सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचीच असते!

हौसेने कोणी वर्ख खाल्ला तर हरकत नाही. पण नकली वर्खात पितळ, म्हणजे तांबे आणि जस्त, असू शकते. म्हणून खोक्यावर वर्खाची शुद्धता ठळक छापणे दुकानदारांना सक्तीचे करावे आणि आरोग्याचे दावे काढायला लावावेत.

– एक वाचक, ठाणे