डिचोलीच्या ताईंना, एका एकट्या प्रवाशाकडून

ताई,

स.न.वि.वि.

आमच्या गोव्याच्या ग्रुप टूरच्या तुम्ही व्यवस्थापक. सहलभर तुम्ही मला ‘काका’ म्हणालात, तरी मी तुम्हाला ताईच म्हणणार. बँकेत काउंटरवर बसलेल्या विशीतल्या मुलीलाही आम्ही ताईच म्हणायचो, ती सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. आभार खरं तर पणजीच्या कदंब स्टँडवरच मानायचे होते. पण तेव्हा तुमच्या एका हातात कुणाच्या तरी आजींची पिशवी होती, दुसऱ्या हातात फोन, आणि माझी कोल्हापूरची गाडी लागलेली. म्हणून हे पत्र. चारचौघांना दिसेल असं लिहितोय, कारण माझ्यासारखे एकटे बरेच आहेत आणि सहली काढणारेही हे वाचतील.

लग्न न झालेला, साठीला आलेला माणूस एकटा गोव्याला निघाला म्हटलं की आमच्या गल्लीत लोक डोळे मिचकावतात. ‘मजा आहे बुवा!’ मी दारूला शिवत नाही हे सांगून काही उपयोग नसतो, उलट संशय वाढतो. मला बघायचं होतं मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, जुनं गोवं, आणि नार्वे व तांबडी सुर्ल्याची देवळं. गाडी मला चालवता येत नाही. फोंड्यापर्यंत बस मिळते, पण तांबडी सुर्ल्याला जाऊन परतायचं म्हटलं की सगळा दिवस वाहनाच्या विचारातच जातो. म्हणून ग्रुप टूर.

पण ग्रुप टूरला एकटा माणूस म्हणजे हिशेबात न बसणारी रक्कम. दर माणशी छापलेला असतो, तरी खोलीचं भाडं दोघांत वाटून धरलेलं असतं. बसची सीट एकाला एक, जेवणाचं ताट एकाला एक, खोली मात्र अर्धी मिळत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी मागे एका सहलीत (नाव नको, गोव्यातली नव्हती) ‘तुम्हाला जोडीदार देतो’ असं सांगून पैसे भरून घेतले आणि पोचल्यावर जादा खोलीची रक्कम पुढे केली. तुम्ही निघायच्या आधीच फोन केलात. जोडीदार मिळाला तर हा दर, नाही मिळाला तर एवढे जादा, आणि नक्की कधीपर्यंत कळवाल, हे तिन्ही एका दमात सांगितलंत. मग विचारलंत, ‘काका, घोरता का? पहाटे उठता का? एसी चालतो का?’ असं मला आयुष्यात कुणी विचारलेलं नाही. घरात विचारायला कुणी नव्हतंच, म्हणा.

बार्शीचे गृहस्थ माझे खोलीसोबती झाले. आम्ही हॉटेलात शिरलो तर दोन वेगळे पलंग, मध्ये टेबल. दोन अनोळखी पुरुषांना डबलबेड मिळाला की रात्रभर काय अवस्था होते हे ज्याचं त्यालाच माहीत. गोव्यातली हॉटेलं तर जोडप्यांच्याच हिशेबाने खोल्या लावतात. तुम्ही आदल्या दिवशी हॉटेलात जाऊन पलंग वेगळे करून घेतल्याचं मला नंतर रिसेप्शनवरच्या मुलाकडून कळलं. तुम्ही कधी बोलला नाहीत.

आता मुख्य गोष्ट. त्याच मागच्या सहलीत एका ढाब्यावरून बस मला सोडून निघून गेली होती. मी स्वच्छतागृहात होतो. गाडी बरीच लांब गेल्यावर लक्षात आलं, तेही मीच फोन केला म्हणून. यात नुसता हलगर्जीपणा नव्हता, मोजण्याची पद्धतच चुकीची होती. टूरवाले कुटुंबं मोजतात. ‘जोशी आले? पाटील आले?’ जोशींचा मुलगा मागे राहिला तर जोशीवहिनी बस डोक्यावर घेतात. एकटा मागे राहिला तर ओरडणार कोण? बसमध्ये त्याचं कुणीच नसतं.

तुम्ही मंगेशीच्या वाहनतळावर पहिल्यांदा हजेरी घेतलीत तेव्हा मी कान देऊन ऐकत होतो. आधी एकटे, मग कुटुंबं. बार्शीकर, मी, नाशिकच्या निवृत्त नर्सबाई आणि ती पुण्याची नोकरी करणारी मुलगी, आमची नावं सगळ्यांत वर. शिवाय बार्शीकरांनी माझ्याकडे बघायचं आणि मी त्यांच्याकडे, हे तुम्ही लावून दिलंत. नर्सबाई आणि त्या मुलीचंही तसंच. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेच्या कुठल्या कप्प्यात आहेत आणि कोल्हापुरात माझ्या भाच्याचा नंबर काय, हे तुमच्या वहीत होतं. जुन्या गोव्यात बॉम जेझस चर्चच्या, म्हणजे बासिलिकाच्या रांगेत मी गर्दीत मागे पडलो, तर तुमच्याआधी बार्शीकरच शोधत आले आणि वर मलाच रागावले. १६०५ साली पूर्ण झालेली ती लाल दगडाची इमारत मी नीट पाहिली ती त्यांचं बोलणं ऐकून घेत.

बसच्या सीटांचा तक्ता तुम्ही पुढच्या काचेवर चिकटवलात. रोज दोन ओळी मागे, मागचे पुढे. रुमाल टाकून पुढची सीट अडवणाऱ्या वहिनींचं तोंड उतरलेलं मी पाहिलं आणि मला बरं वाटलं, हे लपवत नाही. एरवी कुणाच्या मुलाला उलटी होते म्हणून, कुणाला नवऱ्याशेजारी बसायचंय म्हणून, सारखं एकट्यालाच उठवतात. ‘तुम्हाला काय, कुठंही बसाल!’

ओळखीच्या कार्यक्रमातही तुम्ही जोडीने पुढे बोलावलं नाहीत. गाव कुठलं आणि गोव्यात काय बघायचंय, एवढंच विचारलंत. त्यामुळे ‘मिसेस नाही आल्या?’ हा प्रश्न बसमध्ये फार उशिरा आला आणि तोवर मला तो विचारणारे आवडायला लागले होते.

जेवणाचं म्हणाल तर टेबलं जोडून लांब पंगत करायची तुमची युक्ती साधी, पण ती कुणाला सुचत नाही. चौघांच्या टेबलांवर चौघांची कुटुंबं बसली की एकट्याला राहतो तो हात धुवायच्या बेसिनजवळचा कोपरा. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेला मी, मला हुमण आणि सोलकढीची इतकी चटक लागेल असं वाटलं नव्हतं. सुक्या मासळीचं किसमूर मात्र अजून जमत नाही. तुम्ही रागावू नका.

तुमच्या सांगण्याबद्दल थोडं लिहायलाच हवं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बारदेस, साष्टीतली देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी मूर्ती नदीपलीकडे आदिलशाही मुलखात, अंत्रुज महालात म्हणजे आजच्या फोंडा भागात नेल्या. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. हे पुस्तकात मी वाचलं होतं. पण म्हाळसेच्या म्हार्दोळच्या देवळाबाहेर सावलीत उभं राहून, जुवारी नदी कुठल्या बाजूला आहे ते हाताने दाखवत तुम्ही सांगितलंत, तेव्हा फोंड्याच्या या एवढ्याशा टापूत इतकी मोठी देवस्थानं का, ते डोळ्यांसमोर आलं. नार्वे तर तुमच्याच तालुक्यातलं. गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर, दिवाडी बेटावरून नदीपलीकडे आलेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ बांधायला लावलं, हे सांगताना तुमचा आवाज बदलला. तिथे आम्हा कोल्हापूरकराला वेगळं काही सांगायची गरजच नव्हती. कार्यक्रमपत्रिकेत नार्वे नव्हतं. ओळखीच्या वेळी मी ते नाव घेतलं आणि परतीच्या वाटेवर तुम्ही ते बसवलंत, हे मी विसरणार नाही.

तांबडी सुर्ल्याला सगळे ओढ्याकडे गेले तेव्हा मी तुम्हाला म्हणालो, मी इथेच बसतो. तुम्ही घड्याळ बघितलंत, ‘अर्धा तास, काका’ म्हणालात आणि बाकीच्यांना घेऊन गेलात. ‘एकटेच का बसता, चला की आमच्यात!’ असं ओढून नेणारी माणसं प्रेमळ असतात, पण त्यांना हे समजत नाही की एकटा प्रवासी सोबत मागतो म्हणून चोवीस तास सोबत मागत नाही. जंगलाने झाकून ठेवलं म्हणून वाचलेलं ते काळ्या दगडाचं कदंबकालीन देऊळ मी अर्धा तास निवांत पाहिलं. खांबांवरचं काम जवळून बघितलं. कुणाचा फोटो काढायचा नव्हता, कुणाची पर्स धरायची नव्हती.

मांडवीवरच्या बोटीचंही तसंच. ‘तिथे आधी मुलांना, मग जोडप्यांना नाचायला स्टेजवर बोलावतात, ज्यांना नको त्यांनी आधी सांगा, तिकिटाचे पैसे परत’ असं तुम्ही दुपारीच जाहीर केलंत. आम्ही चौघे एकटे बोटीवर गेलो नाही. फोंतेन्यासच्या रंगीत गल्ल्यांतून फिरलो, चर्चच्या पायऱ्यांपाशी बसलो आणि नर्सबाईंच्या आग्रहावरून पातळभाजी-पाव खाल्ला. बिल चार ठिकाणी वाटताना बार्शीकरांनी पैशापैशाचा हिशेब केला. बँकेत मी होतो, ते नव्हते!

तुमच्या कार्यालयाला वेगळं पत्र टाकलं आहे. जादा खोलीची रक्कम जाहिरातीतच छापावी आणि हजेरीची तुमची पद्धत सगळ्या व्यवस्थापकांना शिकवावी, एवढंच त्यात लिहिलंय. तुमची तारीफही आहे, पण ती साहेबलोक वाचत नाहीत हे नोकरीत शिकलोय.

पावसाळा संपून दूधसागरची जीप सुरू झाली की कळवा. बार्शीकरांशी बोलणं झालं आहे, तेही येतात म्हणाले. खोली आम्हा दोघांना एकच द्या, पलंग मात्र वेगळे. घोरतो कोण, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

आपला,
कोल्हापूरचे काका
(सीट तक्त्यात ‘एकटे – क्र. २’)