पहिलीच्या मुलांना ‘झाड’ व्हायला शिकवा: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री,

सप्रेम नमस्कार.

मी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा पोटरीवरची जखम मोज्याखाली झाकून तीन दिवस शाळेत येत होता. चौथ्या दिवशी तो लंगडताना दिसला. मोजा खाली केला तर दातांच्या चार खुणा. वाटेत कुत्रं चावलं होतं. घरी का सांगितलं नाहीस, असं विचारल्यावर म्हणाला, “आई रागावेल. आणि पोटात चौदा इंजेक्शनं देतात.”

त्याच दिवशी त्याची लस सुरू झाली. तो सुखरूप आहे. पण ते तीन दिवस माझ्या मनातून जात नाहीत. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि चावल्यावर लगेच योग्य उपचार झाले तर हा आजार टळतो. विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकत जातो. लक्षणं दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, पण कधी आठवडाभरही पुरतो. जो काही वेळ हातात असतो तो एवढाच, आणि सहा वर्षांचं मूल तो गप्प राहण्यात घालवतं. पोटातली ती इंजेक्शनं केव्हाच मागे पडली. आता लस दंडात देतात, मोजक्या खेपांत. हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

म्हणून हे पत्र आरोग्यमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्या माणसांत सुमारे ४० टक्के मुलं १५ वर्षांखालची असतात. लहान मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो. त्यामुळे जखमा डोक्याला, मानेला होतात, आणि तिथून मेंदू जवळ असतो.

रस्ता कसा ओलांडायचा हे आपण पहिलीपासून शिकवतो. कुत्र्याजवळून कसं जायचं हे मात्र मुलं ऐकीव गोष्टींवर शिकतात. ‘भुंकणारं कुत्रं चावत नाही’ ही म्हण आपण त्यांच्याकडून पाठ करून घेतो. माणसाच्या स्वभावाबद्दल ती खरी असेल, कुत्र्याच्या बाबतीत ती धोक्याची आहे. भुंकणारं कुत्रं चावतं. शेपूट हलवणारंही चावतं. ताठ, उंच धरलेली, झपझप हलणारी शेपूट म्हणजे मैत्री नव्हे. कुत्रं घाबरलं असेल तर ते तोंड फिरवतं, पण डोळे आपल्यावरच ठेवतं आणि डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो. ते पुन्हा पुन्हा ओठ चाटतं, झोप आलेली नसताना जांभया देतं, अंग आक्रसून थिजल्यासारखं उभं राहतं. एवढं सगळं सांगूनही कोणी मागे सरलं नाही की मग गुरगुरणं, आणि शेवटी दात. (पाळणाऱ्यांनाही एक विनंती: गुरगुरलं म्हणून कुत्र्याला मारू नका. मार खाऊन ते गुरगुरणं सोडतं आणि थेट चावायला शिकतं.)

मुलांना ही भाषा पटकन समजते, हा माझा अनुभव आहे. ‘हे कुत्रं काय म्हणतंय?’ असं विचारून चित्रं दाखवली की वर्ग मोठ्यांपेक्षा बारकाईने पाहतो.

पण अंगावर धावून आलेलं कुत्रं पाहून पाय आपोआप पळू लागतात. तिथे पाठांतर कामाला येत नाही, सराव लागतो. आम्ही मैदानावर ‘झाड’ होतो: जागच्या जागी थांबायचं, हात अंगाशी धरायचे, नजर स्वतःच्या पावलांकडे, किंचाळायचं नाही. कुत्रं हुंगेल, त्याला हुंगू द्यायचं. ते दूर गेलं की पाठ न फिरवता हळूहळू मागे सरायचं. पळणाऱ्याच्या मागे लागणं कुत्र्याच्या अंगातच असतं. न हलणाऱ्या गोष्टीत त्याला फार रस उरत नाही. आणि पाडलंच, तर ‘दगड’ व्हायचं: गुडघे पोटाशी, तोंड खाली, हातांनी मान आणि कान झाकायचे.

अनोळखी कुत्र्याचा विषय निघाला की सगळ्यांचं लक्ष रस्त्याकडे जातं. लहान मुलांना बरेचदा ओळखीचंच कुत्रं चावतं: घरातलं किंवा शेजारचं. ते खात असताना, झोपलेलं असताना, पिल्लांजवळ असताना त्याला हात लावायचा नाही, कवटाळायचं नाही. मालकाला विचारल्याशिवाय तर नाहीच.

चावलंच तर वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ लावून १५ मिनिटं जखम धुवायची. नुसता ओरखडा असला तरी. तिखट, झाडपाला, कसलाही लेप लावायचा नाही. मग लगेच दवाखाना. खोल जखमेत लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लगेच लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं औषधही लागतं, ते डॉक्टर ठरवतील.

कुत्र्यांचं लसीकरण हे मूळ काम आहे, हे मला मान्य आहे. साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की त्यांच्यातला रेबीजचा फैलाव थांबतो. ते काम दुसऱ्या खात्याचं आहे आणि ते पूर्ण व्हायला वर्षं लागतील. माझ्या वर्गातली मुलं उद्या सकाळीही चालतच शाळेत येणार आहेत.

माझी मागणी मोठी नाही. पहिलीपासून चौथीपर्यंत, वर्षातून दोनदा, एक तास मैदानावर हा सराव सक्तीचा करा. त्यातला एक २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या आसपास ठेवता येईल. शिक्षकांना आधी अर्धा दिवस शिकवा. प्रत्येक शाळेत नळाजवळ साबण असेल असं पाहा. आणि वर्गशिक्षकाने प्रत्येक वेळी मुलांना एक वाक्य सांगावं, तेही लेखी आदेशात घाला: “कुत्रं चावलं, ओरबाडलं, तर मला येऊन सांग. कोणी रागावणार नाही.” हेच वाक्य पालकसभेतही बोललं जावं, कारण मुलं ज्यांच्या रागाला भितात ते तिथे बसलेले असतात.

पाठाचा मसुदा करायला माणसं कमी पडत असतील तर मी सुट्टीत येऊन बसायला तयार आहे. मैदानावर वापरलेली चित्रंही सोबत आणीन.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका