लाल टोपीवाल्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दामच लिहितेय. वॉटर पोलोत, म्हणजे पाण्यात पोहत खेळायच्या चेंडूच्या खेळात, गोल करणाऱ्याचं नाव होतं. लाल टोपीतला गोलकीपर मात्र तीन मीटर रुंद, पाण्यावर नव्वद सेंटिमीटर उंच गोलपुढे आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर पाय मारत राहतो. खोल पाण्यात पाय टेकायचा प्रश्नच नाही. रेल्वेची नोकरी सांभाळून तुम्ही वर्षानुवर्षं हे केलंत. खांद्याने साथ सोडली तेव्हा तुम्ही घरी बसला असतात तरी कुणी नावं ठेवली नसती. तुम्ही शिट्टी घेऊन शिवाजी पार्कच्या तलावावर आलात, म्हणून मी गोलकीपर झाले.

पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन दोन्ही हातांनी डोक्यावर धरून एगबीटर, म्हणजे उभ्याने पाय गोल फिरवत तरंगणं, मारायला लावायचात, आठवतं? मांड्या पेटायच्या, हनुवटी पाण्याला लागायची आणि काठावरून तुमचा आवाज यायचा, ‘पाय सोडू नकोस!’ दोन्ही पाय आळीपाळीने फिरले तरच अंग वर उचललेलं राहतं आणि दोन्ही बाजूंना झेपावता येतं, हे तुम्ही स्वतः पाण्यात उतरून दाखवलंत. ‘चेंडूकडे नाही, मारणाऱ्याच्या खांद्याकडे बघ,’ हे आजही पेनल्टीच्या वेळी कानात वाजतं.

सगळ्यात मोठे उपकार मात्र माझ्या आवाजावर आहेत. गोलकीपरला अख्खा खेळ समोर दिसतो, तेव्हा जे दिसतं ते ओरडून सांगायचं, ही तुमची सक्त ताकीद. ‘सेंटर सुटलाय!’, ‘हात वर!’, ‘दहा सेकंद राहिले!’ मी हळू बोलले की तुम्ही सराव थांबवायचात. मोठ्या मुलांनासुद्धा माझं ऐकायला लावलंत. कीपरने सांगितलं म्हणजे सांगितलं, तिथे वय नाही.

आईबाबा कुरकुरले तेव्हा तुम्ही घरी येऊन बाबांना सांगितलंत: ऑलिम्पिकमध्ये पुरुष १९०० पासून हा खेळ खेळतात, बायकांना २००० साल उजाडावं लागलं, आता आपल्या पोरींनी का थांबायचं? मग १९५१च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतलं भारताचं सुवर्ण, १९८२चं कांस्य, सगळं इतक्या मायेने सांगितलंत की बाबा दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः मला सोडायला आले. त्या एका संध्याकाळसाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

आता मीही मुलींना शिकवते. कॅन तोच, ओरडाही तोच. त्यातल्या धाकटीचे हात लांब आहेत, नजर पक्की आहे, पण डावा पाय मागे पडतो. मला नेमकं कारण सापडत नाहीये. येत्या रविवारी सकाळी तिला तुमच्याकडे घेऊन येते. एकदा तिचे पाय बघाल ना?

तुमची,
गोलमधली विद्यार्थिनी