मा. शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: वर्गात उड्या मारल्याबद्दलचा खुलासा

मा. शिक्षणमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी पहिली-दुसरीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात मला कारणे दाखवा नोटीस आली. तपासणीच्या वेळी ‘वर्गात गोंगाट होता, विद्यार्थी जागेवर नव्हते व संबंधित शिक्षिका स्वतः एका पायावर उड्या मारताना आढळल्या’ असं तिच्यात नमूद केलं आहे. खुलासा मुदतीत द्यायचा आहे आणि तो मी देणारच आहे. पण कार्यालयाला चालणारा खुलासा अर्ध्या पानाचा असतो. मला जे म्हणायचंय ते तेवढ्यात मावत नाही. शिवाय ज्यांच्या शब्दावर विसंबून मी उड्या मारत होते, ते आपण. म्हणून हे पत्र आपल्याला.

शाळा सुरू झाल्या तेव्हा आपण जाहीर केलं होतं की लहान मुलांचं इंग्रजी यापुढे हसतखेळत होईल. पाठांतराला सुट्टी, प्रत्येक शाळेला खेळाचं साहित्य, आणि इंग्रजीचा तास वर्गाबाहेर घ्यायलाही मुभा. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. साहित्य अजून आलेलं नाही. आली ती एक कार्यपुस्तिका. तिच्यात चेंडूचं चित्र आहे आणि खाली सूचना आहे: रंगवा.

असो. त्या दिवशी नेमकं काय चाललं होतं ते आधी सांगते, कारण नोटिशीत तेवढंच राहून गेलंय.

‘सायमन सेज’ चालू होतं. आपला ‘शिवाजी म्हणतो’ खेळतात ना, त्याच धाटणीचा खेळ. आज्ञा देण्याची पाळी होती एका मुलाची. हा मुलगा शाळा सुरू झाल्यापासून माझ्या तासाला तोंड उघडत नव्हता. सांगितलेलं सगळं करायचा. ‘टच युअर नी’ म्हटलं की गुडघ्याला हात, ‘टर्न अराउंड’ म्हटलं की गिरकी. पण बोलणं नाही. मी कधी मागे लागले नाही. त्या दिवशी तो पुढे आला, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “टीचर, हॉप टू द डोअर!”

महोदय, हे वाक्य मी त्याला शिकवलेलं नव्हतं. ‘हॉप’ शिकवलं होतं. ‘गो टू द डोअर’ शिकवलं होतं. दोन्हींची सांधेजोड त्याची स्वतःची. सगळा वर्ग ओरडायला लागला. आज्ञा मोडून कसं चालेल? मी लंगडी घालत दारापर्यंत गेले, आणि दारात साहेब.

“हे काय चाललंय?”

“इंग्रजीचा तास आहे, सर.”

“वह्या दाखवा.”

वह्या दाखवल्या. साहेबांनी पानं उलटली, माझ्या सह्या पाहिल्या, तारखा पाहिल्या. एकाही मुलाला त्यांनी इंग्रजीत काही विचारलं नाही. मराठीतही नाही. त्या मुलाने आयुष्यातलं पहिलं स्वतःचं इंग्रजी वाक्य नुकतंच उच्चारलं होतं, आणि अहवालात त्याची नोंद ‘गोंगाट’ अशी झाली.

आता हे खूळ माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, हेही नोंदवून ठेवते. जेम्स ॲशर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हेच तपासलं. रशियन आणि जपानी भाषेतल्या आज्ञा ऐकायच्या आणि अंगाने लगेच करून दाखवायच्या, अशा प्रयोगांतून त्याने पद्धत बांधली, १९६९ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं आणि तिला ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ हे नाव रूढ झालं. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, हॅरल्ड पामर हे इंग्रज भाषाशिक्षणतज्ज्ञ जपानमध्ये आज्ञा आणि कृतींतून इंग्रजी शिकवा म्हणून सांगत होते. म्हणजे गोष्ट शंभर वर्षांची झाली. आपल्या विभागापर्यंत ती अजून पोहोचायची आहे. वाटेत कुठेतरी तिची सही राहिली असेल.

ॲशरचं म्हणणं साधं आहे. तान्ह्या बाळाला आपण परीक्षा घेऊन भाषा शिकवत नाही. ‘इकडे ये’, ‘हात दे’, ‘ते बघ’ म्हणत राहतो. बाळ कितीतरी महिने नुसतं ऐकतं, हात देतं, वळून बघतं. बोलायला लागतं ते नंतर. मग दुसरी भाषा शिकवताना पहिल्याच दिवशी ‘उभा राहा आणि बोल’ कशाला? ज्या मुलाला बोलायची भीती वाटते त्याला उडी मारायची वाटत नाही. उडी हेच त्याचं उत्तर. आणि ते बरोबर की चूक हे मला तिथल्या तिथे दिसतं.

हे दिसणं कसं असतं ते एकदा येऊन बघाच. ‘स्टँड बिहाइंड द चेअर’ म्हटलं. बरीच मुलं खुर्चीच्या मागे गेली. एक मुलगी पुढे उभी राहिली, तिने हळूच शेजारणीकडे पाहिलं आणि पाय न उचलता सरकत सरकत मागे आली. दोन सेकंदांचा मामला. तिला ‘बिहाइंड’ कळलेलं नाही, शेजारणीला कळलंय, हे मला समजलं. मग पुढच्या वेळी सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे आणि ‘टच युअर एल्बो’ म्हणायचं, म्हणजे कॉपी बंद. हीच माहिती आपल्या चाचणी परीक्षेतून मला निकालपत्रक भरून झाल्यावर मिळते, आणि तीही खोटी, कारण बाकावर एकमेकांना चिकटून बसलेली मुलं पेपरातही शेजारीच बघतात.

हिशेबाचं बोलायचं तर तेही बोलू. माझ्या वर्गात चाळीसच्या वर मुलं आहेत. तास पस्तीस मिनिटांचा. हजेरी, वह्या, ‘बाई, ह्याने मला मारलं’ हे वजा केलं की हातात पंचवीस मिनिटं. एकेकाला उभं करून बोलतं करायचं ठरवलं तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतं. उरलेला वेळ त्याने हाताची घडी, तोंडावर बोट. खेळात चाळीसही जण एका वेळी ऐकतात, एका वेळी करतात. ‘व्हॉट्स द टाइम, मिस्टर वुल्फ?’ हा खेळ घ्या. लांडगा पाठमोरा उभा असतो, मुलं एका सुरात प्रश्न विचारतात, तो ‘थ्री ओ’क्लॉक’ म्हणाला की तीन पावलं पुढे, आणि ‘डिनर टाइम!’ म्हणाला की पळ काढायचा. एका खेळात मुलं तोच पूर्ण प्रश्न किती वेळा विचारतात ते मोजायला बसलात तर बोटं पुरणार नाहीत. कुणी कंटाळत नाही. तोच प्रश्न वहीत पाच वेळा लिहा म्हटलं की निम्म्या वर्गाला शू लागते.

नुसतं पळापळ केली की इंग्रजी येतं, असं माझं म्हणणं नाही. उलट खेळाच्या नावाखाली जे काही चालतं त्याचा मला संताप आहे. फळ्यावर दोन शब्द लिहायचे, दोन मुलांना पळत जाऊन हात लावायला सांगायचं आणि उरलेल्या अडतीस जणांनी टाळ्या वाजवायच्या, हा आदर्श पाठ म्हणून दाखवला जातो. दुसरं म्हणजे ‘आउट’. चुकला तो बाहेर. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यांत जास्त गरज आहे तोच सगळ्यांत आधी भिंतीला टेकून बसतो, आणि ज्याला सगळं येतं तो शेवटपर्यंत खेळतो. शाळेत वर्षभर जे चालतं तेच खेळातही. म्हणून माझ्या वर्गात कुणी आउट होत नाही. चुकला तो पुढे येतो आणि पुढची आज्ञा देतो. नोटीस आली त्या दिवशी तो मुलगा असाच पुढे आला होता. आणि हो, या पद्धतीला मर्यादा आहेत. ‘यस्टर्डे’ उडी मारून दाखवता येत नाही. आज्ञांवरून गोष्टींकडे, गोष्टींवरून वाचनाकडे जावंच लागतं. पण साहेबांनी हा आक्षेप घेतला असता तर मी त्यांना चहा पाजला असता. त्यांचा आक्षेप बाक सरकवल्यावर होता.

आता गंमत ऐका. नोटीस मिळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच कार्यालयाकडून ग्रुपवर संदेश आला: ‘खेळातून इंग्रजी’ उपक्रमाचे पाच फोटो आज संध्याकाळपर्यंत अपलोड करावेत, विद्यार्थी आनंदी व कृतिशील दिसावेत, मागे बॅनर असावा. बॅनरवर आपला फोटो अनिवार्य. मी विचारलं, उड्या मारतानाचे चालतील का? उत्तर आलं नाही. निळ्या खुणा आल्या.

या उपक्रमाचं प्रशिक्षणही झालं, तेही सांगायला हवं. विषय ‘हालचालींचे खेळ आणि भाषाशिक्षण’. दिवसभर आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून होतो. वर ज्यांनी प्रशिक्षण घेतलं त्यांनी मधल्यांना दिलं, मधल्यांनी खालच्यांना, आणि आमच्यापर्यंत येईतो खेळाचा पीपीटी झाला होता. एक स्लाइड होती: माणूस वाचलेलं दहा टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेलं वीस टक्के, केलेलं नव्वद टक्के. खाली एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं नाव. डेलने १९४६ साली मांडलेल्या ‘अनुभवांच्या शंकू’च्या आकृतीत एकही टक्का नव्हता. आकडे पुढे कुणीतरी चिकटवले. मी हात वर करून सांगितलं, तर मला ‘नकारात्मक दृष्टिकोन’ असलेली म्हणून बाजूला काढण्यात आलं. खेळाच्या बाजूचे आकडे असले म्हणून काय झालं? खोटे ते खोटेच.

माझं काय होतं, हे आपल्याला कुणी सांगत नसेल. घसा गेल्या दोन पावसाळ्यांपासून बसलेला आहे. डॉक्टर म्हणतात बोलू नका. मी शिक्षिका आहे. गुडघे दुखतात, तरी वर्गात पोरं ‘टीचर, जंप’ म्हणतात तेव्हा उडी मारते. जमिनीवर चौकोन आखायला खडू, दोऱ्या, चेंडू, प्राण्यांची चित्रं, सगळी पदरमोड. चित्रं रात्री घरी कापते, कारण दिवसा माहिती भरायची असते. कुठली माहिती, तर जी आधीच दोनदा भरलेली असते. माझ्या अंदाजाने शिक्षकांचा निम्मा वेळ असल्या कागदांत आणि ॲपांत जातो. आकडा चुकत असेल तर आपल्या विभागाने खरा जाहीर करावा, मी जाहीर माफी मागेन. मला खात्री आहे, माफी मागावी लागणार नाही, कारण हा आकडा कुणी मोजतच नाही. आपण मोजता ते बॅनर.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं मध्यम ते दमदार हालचाल हवी. १९८९ च्या बालहक्क करारात एकतिसावं कलम मुलांच्या खेळण्याच्या हक्काचं आहे. या दोन्ही गोष्टी आपल्या विभागाच्या पुस्तिकांत छापलेल्या असतात, गुळगुळीत कागदावर. आणि तरी तपासणीच्या तक्त्यात ‘वर्गातील शांतता’ असा रकाना आहे. त्यात मुलांनी किती ऐकलं, किती बोललं, याला रकाना नाही. सहा वर्षांच्या पोराने पाच तास न हलता बसावं ही या व्यवस्थेची आदर्श मुलाची कल्पना आहे. मग तेच पोर मोठं होऊन मुलाखतीत इंग्रजीचं एक वाक्य बोलताना घामाघूम झालं की आपणच परिषदा भरवता, विषय: युवकांमध्ये आत्मविश्वासाचा अभाव. अहो, तो आत्मविश्वास पहिलीत तोंडावर बोट ठेवून आम्हीच बसवला होता, आपल्या आदेशाने! ज्यांना परवडतं ते पोरं महागड्या शाळांत घालतात. तिथे खेळायला सभागृह असतं, आणि तिथल्या गोंगाटाला ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणतात. निर्णय घेणाऱ्यांची नातवंडं बहुधा तिथेच उड्या मारत असतात. त्यांच्या शिक्षिकेला कुणी नोटीस काढलेली मी ऐकली नाही.

मागायचं फार नाही. साहित्य नाही आलं तरी चालेल, पण वर्गात बाक सरकवायची आणि मुलांना मैदानात न्यायची जी मुभा आपण भाषणात दिली ती लेखी द्या. तपासणीच्या तक्त्यातला शांततेचा रकाना काढा. पुढचं प्रशिक्षण खुर्च्या न मांडता घ्या, आणि त्यात साहेब लोकांनाही उभं करा. आणि माझी नोटीस मागे घ्या. ‘यापुढे असे होणार नाही असं लिहून द्या, प्रकरण मिटेल’, असा सल्ला मला हितचिंतकांनी दिलाय. ते मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही.

बुधवारी ‘मिस्टर वुल्फ’ घ्यायचा आहे. वर्गात जागा पुरत नाही, म्हणून मैदानात घेईन. साहेबांना पुन्हा तपासणीला यायचं असेल तर जरूर यावं. लांडगा कुणाला करायचं ते मात्र मुलं ठरवतात.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका