शाळेतल्या संगणकांच्या सेटिंगला कुलूप लावा

महोदय,
माझी मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातील एका शाळेत आठवीत शिकते. गेल्या महिन्यात तिचा संगणकाचा तास तीनदा वाया गेला. पालकसभेला गेलो तेव्हा सरांना विचारून मी स्वतः पाहिले. कुणीतरी एका संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवर त्याची ओळख सांगणारा क्रमांक) हाताने बदलून शेजारच्या संगणकाचाच टाकला होता, त्यामुळे दोन्ही अडून बसले होते. तिसऱ्यावर प्रॉक्सीत, म्हणजे इंटरनेटला जाताना मध्ये लागणाऱ्या संगणकाच्या पत्त्यात, भलताच आकडा. पोरांना मी दोष देत नाही. हातात दिले की ती उघडून बघणारच, आणि बघावेच. चूक आहे ती सगळ्यांना ॲडमिनिस्ट्रेटर खाते, म्हणजे सगळ्या सेटिंग बदलू देणारे खाते, मोकळे सोडण्याची. विंडोज बसवताना पहिले खाते याच अधिकाराचे तयार होते आणि पुढे तेच चालू राहते.

मुलांसाठी स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकाराचे, खाते केले आणि ॲडमिनचा पासवर्ड शिक्षकांकडे ठेवला, तर आयपी बदलायला गेल्यावर संगणक तो पासवर्ड मागतो. याला एक पैसाही लागत नाही. प्रॉक्सी मात्र स्टँडर्ड खात्यातूनही बदलता येते. ती ग्रुप पॉलिसीतून (कुणाला काय बदलता येईल हे ठरवणाऱ्या विंडोजच्या नियमांतून) बंद करावी लागते, आणि त्याचा एडिटर विंडोजच्या होम आवृत्तीत येत नाही, प्रो लागते. नवे संगणक घेताना एवढे तरी बघून घ्यावे.

आमच्याकडे कितीतरी घरे यंत्रमागावर नाहीतर विडीवर चालतात. घरी संगणक कुठला? आठवड्याचे ते दोन तास हाच त्या मुलांचा संगणक. शाळांनी उन्हाळी सुट्टीत हे काम उरकावे, आणि महापालिका व जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागांनी तशा लेखी सूचना द्याव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, सोलापूर