रत्नपुऱ्याला गेलास तर

जांबोटी, ता. खानापूर
9 ऑगस्ट

प्रिय रवी,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तुम्ही श्रीलंकेला निघालाय, असं वहिनी फोनवर म्हणाल्या. तेव्हापासून तुला एक काम सांगायचं डोक्यात आहे.

गेल्या आठवड्यात परड्यातला फणसाचा कुजका ओंडका उलटला. खाली तिळापेक्षा लहान, पिवळसर मुंग्या, आणि त्यांच्यात दोन-चार मोठ्या डोक्याच्या. क्षणभर श्वासच अडकला. अगदी अशीच एक मुंगी फक्त श्रीलंकेत आहे, अन्यूरेटस सिमोनी. ती इथे असणार नाही हे माहीत होतं, तरी शाळेतला मायक्रोस्कोप घरी आणला.

लेका, मुंगी रंगावरून ओळखायची नसते, कमरेवरून ओळखायची. छाती आणि पोटाच्या मधे गाठी असतात, कुणाला एक, कुणाला दोन. अन्यूरेटसला एकच, तीही लांब दांड्यावर बसवल्यासारखी, आणि मागे नांगी शाबूत. पुठ्ठ्याच्या त्रिकोणी टोकावर गोंदाचा थेंब ठेवून त्यावर मुंगी टेकवायची. पहिल्या मुंगीचा गोंद नेमका कमरेवर पसरला आणि ती वाया गेली. जीव गेलेली मुंगी अशी फुकट गेल्याचं फार वाईट वाटलं. बाहेर पाऊस, लाइट येतेय-जातेय. दुसरी टॉर्चच्या उजेडात पाहिली. दोन गाठी, स्पष्ट. फेडोल जातीची साधी मुंगी निघाली. आपल्याकडे पायलीच्या पन्नास.

पण त्या निमित्ताने सगळं पुन्हा वाचून काढलं. 1892 मध्ये सिमों नावाचा, जाळी विणणाऱ्या कोळ्यांचा फ्रेंच अभ्यासक सिलोनला गेला होता. त्याने आणलेल्या मुंग्यांत ही होती. इटलीच्या एमरीने 1893 मध्ये तिचं वर्णन करून त्याचंच नाव दिलं. त्याच 1892 मध्ये रॉटन साहेबाने मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात मुंग्यांवर लिहिलं. रॉटन म्हणजे तोच, आपल्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळाला ज्याचं नाव आहे! वनखात्यातला माणूस, पण मुंग्यांचा नादी.

पुढे ती मुंगी नजरेआडच झाली होती. 1955 मध्ये विल्सन हा अमेरिकन मुंगी-अभ्यासक तिच्या शोधात श्रीलंकेत गेला, तेव्हा रत्नपुऱ्याकडच्या जंगलात ती सापडली. तिचे भाऊबंद बाल्टिक समुद्राकाठच्या राळेच्या खड्यांत अडकलेले मिळतात, 4 कोटी वर्षांपूर्वीचे. त्या अख्ख्या उपकुळात आज जिवंत आहे ती ही एकटी. आणि तिलाही जंगल तुटण्याचा धोका आहे. कणकुंबीच्या वाटेवर झाडं पडलेली दिसली की मला हल्ली तीच आठवते.

तर काम असं. रत्नपुऱ्याला सगळे रत्नं बघायला जातात, तूही बघ. पण जवळच्या रानात एखादी वाट धरायला मिळाली, तर खाली पडलेली कुजकी काटकी हलकेच उचल. भिंग मी पाठवतो. मुंगी घेऊ नकोस, फोटोही नको. फक्त कमरेची गाठ मोज, आणि काटकी होती तशीच, त्याच अंगावर ठेव.

मग आल्या आल्या फोन कर, रात्र झाली असली तरी.

तुझा,
शिवा